गाइडताईची आई

पोटच्या पोरीशी चार शब्द बोलायला तिकीट काढावं लागतं, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. एक्स्चेंजबाईंनी काढलं. चांगलं खिडकीजवळचं, पाचव्या रांगेतलं. सकाळी निघायचं, घाट चढून त्या थंड हवेच्या गावी जायचं, तलाव, बाजार आणि दोन-तीन पॉइंट बघायचे, संध्याकाळी परत. जेवण कंपनीचं, सोबत गाइड. आणि ती गाइड म्हणजे बाईंची एकुलती एक लेक.

एक्स्चेंजबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाईंनी उभा जन्म काढला. कानाला हेडफोन, समोर बटणं, आणि तोंडात एकच वाक्य, ‘बोला, कुणाला जोडू?’ नवरा लवकर गेला, पोर लहान होती, मग दिवसपाळी काय नि रात्रपाळी काय, मिळेल ती ड्युटी केली. साऱ्या जगाचे फोन जोडून दिले आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्या लेकीचा फोन काही जोडता येईना. म्हणजे लागायचा हो. लागायचा, पण पलीकडून, ‘आई, ग्रुपमध्ये आहे गं, नंतर करते.’ ते नंतर कुठल्या कॅलेंडरात येतं ते बाईंना कधी सापडलं नाही. लेक कंपनीच्या डेपोजवळ दोन मैत्रिणींबरोबर राहायची. भांडण होतं म्हणावं तर तेही नाही. भांडण असतं तर परवडलं असतं, भांडायला निदान माणूस समोर तरी लागतं.

आता घाई एवढ्यासाठी होती की बाईंची धाकटी बहीण हट्टाला पेटली होती. ती राहायची पार दुसऱ्या टोकाला, एक दिवस नि एक रात्र प्रवास. ‘ती भाड्याची खोली सोड आणि माझ्याकडे ये. एकटी भिंतींशी काय बोलत बसतेस? रविवारी संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर मागची खोली मी भाडेकरूला देऊन टाकते.’ सगळे म्हणत होते, जा. डॉक्टर म्हणाले, घरमालक तर फारच प्रेमाने म्हणाला. बाईंचा पाय मात्र निघत नव्हता. लेकीने एकदा म्हणावं, ‘आई, नको जाऊस,’ एवढंच त्यांना हवं होतं. मग त्या त्याच खोलीत आनंदाने म्हाताऱ्या झाल्या असत्या. पण विचारून मिळवलेलं ‘नको जाऊस’ त्यांना नको होतं. ते तिच्या तोंडून आपण होऊन यायला हवं, आणि त्यासाठी आधी ती समोर तर यायला हवी ना! म्हणून हे तिकीट. आणि दिवस रविवारचा.

बसच्या दाराशी लेक उभी होती. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. तिकिटं बघता बघता तिने मान वर केली आणि तिचा चेहरा पडला. आनंदाने फुलला असं लिहायला मलाही आवडलं असतं, पण पडला.

“तू? इथे काय करतेयस?”

“सहलीला आलेय,” बाई म्हणाल्या. “पैसे भरलेत.”

लेकीने मागे रांगेकडे पाहिलं आणि बाईंच्या कानाशी वाकली. “आई, आज ओळख दाखवू नकोस. पाया पडते तुझ्या. कुणाला कळू देऊ नकोस तू माझी आई आहेस ते.”

बाईंनी मनाची समजूत घातली, कंपनीचा नियम असेल, नातेवाइकांना घेऊ नका म्हणून. हॉस्पिटलातही असे छप्पन्न नियम असायचे. त्यांनी मुकाट्याने पाचवी रांग गाठली. शेजारी एक जाडजूड शाल पांघरलेल्या बाई येऊन बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांनी आपल्या दोन सुना, एक जावई आणि गुडघेदुखी अशी सगळ्यांची ओळख करून दिली. “तुम्ही एकट्याच?” असं विचारल्यावर एक्स्चेंजबाई म्हणाल्या, “हो, एकटीच.” त्यात खोटं काय होतं?

बस निघाली आणि लेकीने माइक हातात घेतला. आणि काय सांगू, बाई सगळं विसरल्या! फोनवर दोन वाक्यांत संपणारी ती पोर इथे धबधब्यासारखी बोलत होती. ड्रायव्हरची थट्टा, मळमळणाऱ्यांची थट्टा, पुढच्या सीटवरच्या नवीन जोडप्याची थट्टा. “ज्यांना वळणांची भीती वाटते त्यांनी डोळे मिटून घ्या, आमचे ड्रायव्हरही तेच करतात!” सगळी बस खदाखदा हसली. बाई सगळ्यांच्या आधी हसल्या आणि सगळ्यांच्या नंतर थांबल्या. शालवाल्या बाईंना कोपराने ढोसून सांगावंसं वाटत होतं, माझी आहे हो ही, माझी. पण मूग गिळून बसायचं ठरलं होतं. तिचा आवाज एवढा वेळ सलग त्यांनी किती वर्षांत ऐकला नव्हता. घाट चढता चढता कानांना दडे बसत होते तरी त्या एक शब्द सोडत नव्हत्या.

घाट संपत आला तशी एका वळणावर ड्रायव्हरने कुणी न सांगता बस हळू केली. लेकीने आवाज उतरवला.

“डाव्या हाताला खाली बघा. ते दगडी घर, निळ्या दाराचं. दिसलं? ते माझं घर. मी तिथे वाढले.”

सगळी बस डावीकडे कलली. बाईही बघायला लागल्या. बघणारच! पोर जन्मली ती हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर आणि वाढली हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. या डोंगरात तिने नोकरी लागेपर्यंत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

“त्या कोपऱ्यातल्या खिडकीत माझी आई बसायची,” लेक सांगत होती. “शाळा वर गावात. येताना धुकं उतरायचं, वाट दिसायची नाही. मग आई या वळणावर येऊन हाका मारायची. मी ‘ओ’ द्यायची आणि तिच्या आवाजाच्या रोखाने चालत यायची. घरी आले की आधी ती माझे हात तिच्या हातांत धरून गरम करायची. मग दिवसभर काय काय झालं ते सगळं मी सांगायचं आणि तिने ऐकायचं. कधी म्हणाली नाही की आत्ता नको, काम आहे. मी सातवीत होते. त्या थंडीत आई गेली.”

शालवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि एक्स्चेंजबाईंचा हात घट्ट दाबला. “बिचारी! आईविना पोर. चेहऱ्यावरच दिसतं नाही?”

“दिसतं,” एक्स्चेंजबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? स्वतःच्या मरणाची बातमी माणसाने कशी घ्यायची असते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आधी त्यांना हसू आलं, खरंच आलं. मग अंगाचा तिळपापड झाला. आणि मग बस परत वेगात निघाली तेव्हा मान वळवून ते निळं दार दिसेनासं होईपर्यंत त्या बघत राहिल्या. पुढे तलाव आला, तलावातली बदकं आली, लोकरी टोप्यांचा बाजार आला. बाई सगळीकडे उतरल्या, सगळीकडे बघितल्यासारखं केलं. दिसलं काहीच नाही. धुक्यात वळणावर उभी राहून हाका मारणारी ती दुसरी बाई तेवढी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

जेवणं झाल्यावर मोकळा वेळ होता. माणसं खरेदीला पांगली. बाई बसच्या आडोशाला कठड्यावर बसल्या होत्या, तिथे लेक कागदी कपात दोन चहा घेऊन आली. एक त्यांच्या हातात दिला आणि इकडेतिकडे बघून शेजारी बसली.

“कधी गेले गं मी?” बाईंनी विचारलं. “तारीख तरी कळू दे. माझ्याही कानावर असावी.”

लेकीला हसू फुटलं आणि लगेच विरलं. “आई, तो धंदा आहे. आधीचा गाइड बायको दरीत पडली म्हणून सांगायचा आणि त्याची बायको आमच्याच ऑफिसात तिकिटं फाडायची. लोकांना इथलाच माणूस गाइड लागतो, आणि त्याचं काहीतरी हरवलेलं लागतं. त्याशिवाय त्यांना डोंगर बघितल्यासारखं वाटत नाही.”

“आणि ते घर कुणाचं?”

“काय माहीत. कधी उघडं दिसलं नाही.”

“पण मेलेलीच आई कशाला? जिती चालत नाही का?”

“जिती सांगून बघितली सुरुवातीला,” लेक म्हणाली. “लोक म्हणायचे, मग रोज इथून जाता तर उतरून भेटत का नाही?”

चहा गार होत होता. समोरच्या दुकानात शालवाल्या बाई टोपीचा भाव पाडत होत्या, त्यांचा आवाज इथवर येत होता.

“चांगली आहे पण ती,” बाई म्हणाल्या. “तुझी ती आई. मला आवडली. ही बनवलीस कधी? कंपनीत लागल्यावर?”

“छे गं. लहानपणीच.” लेक कपाकडे बघत बोलत होती. “शाळेतून आले की कुलूप काढायचं. ओट्यावर तू झाकून ठेवलेलं ताट असायचं. तेवढं खायचं आणि मग तिच्याशी बोलत बसायचं. तू यायचीस तेव्हा तुझे कान दुखत असायचे. म्हणायचीस, आता दोन तास कुणी माझ्याशी बोलू नका.”

म्हणायच्या. अगदी हेच म्हणायच्या. कानाची हेडफोनखाली भट्टी झालेली असायची, माणसाचा आवाज नको व्हायचा. घरात ‘कुणी’ म्हणजे एक ती पोर तेवढी होती, हे त्या वेळी बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“पोटासाठी करत होते गं मी.”

“माहितेय की. मी कुठे काय म्हणतेय?”

ती खरंच काही म्हणत नव्हती, आणि त्याचंच बाईंना जास्त लागलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घसा साफ केला. हीच वेळ होती, परत अशी मिळायची नव्हती.

“मावशी म्हणतेय, खोली सोड आणि कायमची माझ्याकडे ये. आज संध्याकाळी तिला कळवायचंय.”

एवढं बोलून त्या थांबल्या. लेकीच्या तोंडाकडे बघितलं नाही, मुद्दाम बाजारातल्या टोप्यांकडे बघत राहिल्या.

“अगं मग जा ना!” लेक म्हणाली. “किती छान होईल. तुला सोबत होईल, मावशीलाही होईल. इथे तू एकटी, मला सारखी काळजी लागून राहते.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “मी पण तेच म्हणते.”

झालं. इतकं सरळ, इतकं गोड. रागवायला जागा नाही, रडायला जागा नाही. ती भल्यासाठीच बोलत होती, आणि काळजी लागून राहते हेही कदाचित खरं असेल. बाईंनी उरलेला चहा घशाखाली ढकलला. लेक उठली, त्यांच्या हातातला कप घेतला, जाता जाता म्हणाली, “स्वेटर का नाही आणलास? वर गार आहे.” आणि माणसं गोळा करायला निघून गेली.

शेवटचा थांबा इको पॉइंट. कठड्यापाशी सगळे ओळीने उभे राहिले. दरीतून धुकं वर येत होतं, पलीकडचा कडा पुसून गेला होता. लेकीने माइकशिवायच सांगायला सुरुवात केली. रोजचा रिवाजच होता तो, कंपनीच्या जाहिरातीतसुद्धा होता म्हणे. गाइडताईच्या आईला सगळ्यांनी मिळून हाक मारायची. जिने धुक्यात हाका मारून पोरीला घरी आणलं, तिला आपणही एक हाक मारायची.

“एक, दोन, तीन!”

“आई!” चाळीस माणसं एका दमात ओरडली. समोरच्या न दिसणाऱ्या कड्यावरून ती हाक परत आली.

एक्स्चेंजबाईंच्या तोंडून बारीकसं “ओ” निघून गेलं. काय करणार, आई म्हणून हाक आली की ओ जाते, त्याला विचार थोडाच करावा लागतो? नशीब, कुणाला ऐकू गेलं नाही.

“अहो, तुम्ही नाही ओरडलात!” शालवाल्या बाईंनी पकडलंच त्यांना. “मारा हो तुम्ही पण हाक. तेवढंच बिचारीला बरं वाटेल.”

आता ही बया सोडायची नाही म्हटल्यावर बाईंनी कठडा धरला आणि मारली हाक, “आई!” त्यांची स्वतःची आई खरोखरच गेलेली होती, तिला हाक मारून किती वर्षं झाली होती. त्या हाकेने त्यांचेच डोळे भरून आले.

मग सगळ्यांनी गाइडताईकडे बघितलं, कारण शेवटची हाक तिची. ती कठड्याच्या टोकाला उभी होती, बाईंपासून हातभर अंतरावर. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले, खाली केले, परत नेले.

“आई!” ती ओरडली. आणि लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने, “आई, नको ना जाऊस!”

दरीतून ते परत आलं. एकदा, मग अजून एकदा, बारीक होऊन. शालवाल्या बाई चक्क हुंदके द्यायला लागल्या. नवीन जोडप्यातल्या मुलीने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग कडाडून टाळ्या झाल्या आणि कुणीतरी आपली टोपी काढून गाइडताईच्या बक्षिसीसाठी फिरवायला घेतली.

बाई मात्र लेकीकडे बघत होत्या. तिने मान वळवली नाही. कोटाच्या बाहीने नाक पुसलं आणि दरीकडेच बघत राहिली. उभा जन्म बाईंनी आवाजच ऐकले होते. नुसत्या ‘हॅलो’वरून त्यांना कळायचं, पलीकडचा माणूस बाळ झालं म्हणून फोन करतोय की माणूस गेलं म्हणून. पण आज, स्वतःच्या पोरीच्या तोंडून नेमकं ते वाक्य ऐकूनही त्यांना कळेना, की ते बसच्या लोकांसाठी होतं, त्या निळ्या दाराच्या घरातल्या बाईसाठी होतं, की हातभर अंतरावर उभ्या असलेल्या, स्वेटर विसरलेल्या बाईसाठी.

त्या तडक ड्रायव्हरकडे गेल्या. तो बसला टेकून शेंगदाणे खात होता.

“अहो दादा, ही रोज असंच म्हणते का? ते नको जाऊस वगैरे?”

“नाही बुवा,” ड्रायव्हर म्हणाला. “नुसती हाक मारते आणि म्हणते, चला गाडीत. हे आज पहिल्यांदाच ऐकलं.” त्याने एक शेंगदाणा तोंडात टाकला. “पण भारी घातलंय. माणसं कशी हलली बघा! मी सांगणार आहे तिला, रोज घाल म्हणून.”

उतरताना बसमध्ये बरेचसे झोपले. लेक पुढे ड्रायव्हरशेजारच्या छोट्या सीटवर बसली होती, माइक बंद. तिचा फक्त अंबाडा दिसत होता, आणि बाई घाटभर त्या अंबाड्याकडे बघत राहिल्या. निळ्या दाराचं वळण आलं नि गेलं, या वेळी बस हळू झाली नाही.

डेपोत दाराशी उभी राहून ती एकेकाला निरोप देत होती. “पुन्हा या हं. मित्रमंडळींना सांगा.” शालवाल्या बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग बाईंची पाळी आली.

“ते कुणाला म्हणालीस गं?” बाईंनी हळूच विचारलं.

लेकीचं तोंड उघडलं. पण खाली ऑफिसातला माणूस येऊन उभा राहिला होता, उद्याचा ग्रुप मोठा आहे, लवकर ये, असं काहीतरी सांगत. मागेही माणसं खोळंबली होती.

“जपून उतरा,” लेक म्हणाली. “पायरी उंच आहे.” तिने बाईंचं कोपर धरलं आणि पायरी संपली तरी दोन पावलं धरूनच चालली. मग सोडलं आणि पुढच्याला म्हणाली, “पुन्हा या हं.”

घरी येऊन बाईंनी चपला काढल्या नाहीत तोच फोन वाजला. बहीण होती. “मग काय ठरलं? खोली झाडून ठेवलीय मी.”

“मी नाही येत.”

“का? आता काय नवीन निघालं?”

“लेक म्हणाली, नको जाऊस.”

“ती म्हणाली?” बहिणीचा विश्वास बसेना. “तिला वेळ मिळाला? तुझ्याशी बोलली ती?”

“माझ्याशी नाही,” बाई म्हणाल्या. “दरीकडे तोंड करून ओरडली. मी शेजारीच उभी होते.”